प्रगत इंग्रजी शब्द: निवडायचे कसे, टिकवायचे कसे, वापरायचे कसे

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात इंग्रजी शब्दांच्या याद्यांची पुस्तकं ढिगाने मिळतात. डावीकडे अवघड शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. अशी यादी पाठ करून परीक्षेला बसणारी मुलं सदाशिव पेठेतल्या प्रत्येक अभ्यासिकेत सापडतील. यादी पाठ होतेही, अडतं ते त्यापुढे. निबंध लिहिताना किंवा मुलाखतीत बोलताना त्यातला शब्द वेळेवर सुचत नाही, आणि सुचलाच तर वाक्यात नीट बसत नाही. कारण पाठ झालेला असतो फक्त अर्थ. वापरण्यासाठी लागणारी माहिती वेगळी असते: त्या शब्दाच्या मागेपुढे कोणते शब्द येतात, त्याला कोणतं शब्दयोगी अव्यय लागतं, तो कुठे शोभतो आणि कुठे खटकतो. खालची सगळी पद्धत या माहितीभोवती बांधलेली आहे. म्हणून सुट्या शब्दाऐवजी तो शब्द असलेला तीन-चार शब्दांचा तुकडा शिकायचा.

इथे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या वहीत मात्र ते रोमन स्पेलिंगसह उतरवा.

आधी आपली पातळी बघा

एखाद्या इंग्रजी दैनिकाच्या संपादकीय पानावरचा लेख घ्या आणि पहिले २०० शब्द मोजून तिथे खूण करा. न थांबता वाचा आणि अनोळखी शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा. रेघा चारपर्यंत असतील तर हा मजकूर तुमच्या कामाचा आहे. पाच ते दहा असतील तर कोश शेजारी ठेवून जमेल. दहाच्या वर गेल्या तर मजकूर सध्या जड आहे, त्यातून शब्द वेचण्यात वेळ वाया जाईल.

चारचा आकडा यासाठी की मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असले तर उरलेल्यांचा अंदाज संदर्भावरून बांधता येतो. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला, की कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रं या ९८ टक्क्यांच्या पातळीवर वाचायला ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं. ॲनलाइज, अनॅलिसिस, ॲनलिस्ट, ॲनलिटिकल हे सगळं मिळून एक कुटुंब. आकड्याने दचकू नका. मराठी माध्यमातून पदवीपर्यंत आलेल्या आणि नियमित इंग्रजी वाचणाऱ्या माणसाकडे यातला मोठा भाग आधीच असतो.

ज्यांच्या रेघा दहाच्या वर गेल्या त्यांनी आधी ऑक्सफर्डची ५००० शब्दांची यादी पुरी करावी. ती संकेतस्थळावर फुकट आहे आणि प्रत्येक शब्दापुढे त्याची पातळी दिलेली आहे. सगळ्यात सोप्या ए-१ पासून अवघड सी-१ पर्यंत ती जाते. त्यातले बी-२ आणि सी-१ खुणेचे शब्द तपासले की भोकं कुठे आहेत ते कळतं. शोधनिबंध किंवा प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी दुसरी यादी जास्त मोलाची: ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली अकॅडेमिक वर्ड लिस्ट. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत, आणि विद्यापीठीय मजकुरातला सुमारे दहावा हिस्सा ती व्यापतात. दुर्मीळ शब्दांच्या जाडजूड पुस्तकाआधी ही ५७० कुटुंबं हातात असायला हवीत. हा क्रम उलटा झाला की माणसाला शेकडो दुर्मीळ शब्द येतात आणि 'अटेन' (साध्य करणं) कसा वापरायचा ते येत नाही.

कोणता शब्द शिकायचा, कोणता सोडायचा

दिसलेला प्रत्येक नवा शब्द वहीत उतरवणं ही सगळ्यात महागडी सवय. वही भरते, उजळणी होत नाही आणि महिन्याभरात वहीचीच धास्ती वाटू लागते. नवा शब्द भेटला की त्याला तीनपैकी एका खान्यात टाका.

पहिला खाना वापरायच्या शब्दांचा. हा शब्द तुमच्या कामाच्या, अभ्यासाच्या लिखाणात लागेल, आणि तो तुम्हाला वेगवेगळ्या ठिकाणी किमान तीनदा भेटला आहे. दुसरा खाना नुसत्या ओळखीच्या शब्दांचा. वाचताना अर्थ कळला की पुरे, बोलण्यात आणायची गरज नाही. परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेला लागणारे पुष्कळ शब्द याच खान्यातले. त्या परीक्षेतून २०११ साली विरुद्धार्थी शब्द आणि साधर्म्याचे प्रश्न काढून टाकले, तेव्हापासून शब्द वाक्याच्या संदर्भातच विचारले जातात. तिसरा खाना सोडून देण्याचा. जुन्या कवितेतला, एकदाच दिसलेला, कोशात 'जुना' किंवा 'साहित्यिक' अशी खूण असलेला शब्द निर्धास्तपणे सोडा. खरंच गरजेचा असेल तर तो पुन्हा भेटेल.

रोज पाच नवे शब्द, आठवड्यातले पाच दिवस. त्यातले दोन वापरायचे, तीन ओळखीचे. ४८ आठवड्यांत १२०० होतात. रोज तीस शब्दांचा संकल्प पहिल्या आठवड्यात जमतो. तिसऱ्या आठवड्यात रोजच्या उजळणीचा ढीग इतका होतो की नवं-जुनं दोन्ही सुटतं.

यादी वर्णानुक्रमे पाठ करू नका. अबेट, अबेट्मेंट, अबॉमिनेट, ॲब्जुअर, ॲब्रोगेट असे सारखे दिसणारे शब्द एकाच बैठकीत घेतले तर ते एकमेकांत मिसळतात आणि पुढे कायम गोंधळ उडतो. सारख्या अर्थाच्या शब्दांचंही तसंच. एक पक्का झाल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, त्याचा भाऊबंद घ्यावा.

ओळखीच्या शब्दांची अनोळखी कामं

प्रगत शब्दसंग्रह म्हणजे लांबलचक, अवघड शब्द, अशी समजूत फार घट्ट आहे. प्रत्यक्षात चांगल्या इंग्रजी गद्यात वाचक अडखळतो तो शाळेपासून माहीत असलेल्या शब्दांवर. 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता, पण 'ॲड्रेस द प्रॉब्लेम' म्हणजे प्रश्न हाताळणं. 'हार्बर' म्हणजे बंदर, पण 'हार्बर अ ग्रज' म्हणजे मनात अढी बाळगणं. 'एंटरटेन अ प्रपोझल' म्हणजे प्रस्तावाचा विचार करणं, 'एक्सरसाइज कॉशन' म्हणजे सावधगिरी बाळगणं, 'कमांड रिस्पेक्ट' म्हणजे आपल्या गुणांनी आदर मिळवणं. 'एन्जॉय अ रेप्युटेशन' यात मजा करणं कुठेच नाही, लौकिक असणं एवढंच आहे.

'सँक्शन' तर दोन विरुद्ध टोकांना उभा राहतो. महापालिकेने आराखडा 'सँक्शन' केला म्हणजे मंजूर केला, आणि एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादले म्हणजे निर्बंध घातले. सरकारी बातम्यांमुळे आपल्याला पहिला अर्थ पाठ असतो, म्हणून आंतरराष्ट्रीय बातमीत घोटाळा होतो. असे शब्द डोळ्यांना ओळखीचे वाटतात म्हणून पेन्सिलची रेघच पडत नाही. त्यावर उपाय एकच: वाक्याचा अर्थ जुळत नसेल तर त्यातला सगळ्यात सोपा वाटणारा शब्द कोशात पाहा. हे शब्द पहिल्या खान्यात टाका. कष्टाच्या मानाने सगळ्यात जास्त फळ यांच्यातून मिळतं.

कोश उघडल्यावर काय काय पाहायचं

इंग्रजी-मराठी कोश अर्थाची पहिली दिशा देतो, तो सोडू नका. पण वापर शिकायला परभाषकांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश लागतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचेही असे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. साध्या कोशात आणि यांच्यात मोठा फरक असतो: इथे अर्थ मोजक्या, सोप्या शब्दांत सांगितलेला असतो आणि व्याकरणाची माहिती उघड लिहिलेली असते.

अर्थ वाचून खिडकी बंद करू नका. आणखी पाच गोष्टी पाहा. उच्चार आणि आघात, म्हणजे जोर, कुठे आहे; ध्वनिलिपीत अक्षराच्या आधी वर एक छोटी उभी रेघ असते, आघात तिच्या पुढच्या अवयवावर (अवयव म्हणजे शब्दातला एका दमात उच्चारला जाणारा तुकडा). नाम असेल तर मोजता येणारं की न येणारं. क्रियापद असेल तर सकर्मक की अकर्मक, आणि त्याच्यापुढे काय येतं. 'औपचारिक', 'बोलीतला', 'नापसंतीदर्शक' अशी काही खूण आहे का. आणि शेवटी उदाहरणांची वाक्यं, कारण खरा माल तिथेच असतो.

नापसंतीची खूण चुकली की अर्थाचा अनर्थ होतो. 'सिम्प्लिस्टिक' म्हणजे सोपं नव्हे. गुंतागुंतीची गोष्ट नको इतकी सोपी करून मांडलेली. गाइडच्या प्रबंधाला कुणी 'सिम्प्लिस्टिक' म्हटलं तर ती टीका आहे. 'नोटोरियस' म्हणजे कुप्रसिद्ध. 'प्लेथोरा' बहुधा गरजेपेक्षा जास्त असलेल्या गोष्टींसाठी येतो. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःपक्षपाती, रस नसलेला तो 'अनइंटरेस्टेड'.

एका शब्दाचा शेजार: मिटिगेट आणि त्याचे भाऊबंद

मराठी अर्थाच्या रकान्यात 'कमी करणे, शमवणे' असं लिहिलेले पाच शब्द घेऊ: मिटिगेट, अलीव्हिएट, अले, अस्वेज, अमीलिअरेट. यादीपुरते हे पाचही एकच. वापरात प्रत्येकाची वस्ती वेगळी आहे.

'मिटिगेट'च्या पुढे धोका आणि परिणाम येतात: मिटिगेट द रिस्क, मिटिगेट द इम्पॅक्ट. घडणारी गोष्ट टळत नाही, तिची झळ कमी होते. खडकवासल्यातून पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या वस्त्यांना सूचना देणं हे पुराची हानी 'मिटिगेट' करणं. 'अलीव्हिएट' दुःख, वेदना, गरिबी यांच्याशी जातो: अलीव्हिएट पेन, अलीव्हिएट पॉव्हर्टी. वाहतूककोंडीसाठीही तो चालतो, म्हणून वनाझ ते रामवाडी मेट्रोबद्दल लिहिताना 'अलीव्हिएट कन्जेशन' हा तुकडा बिनधास्त वापरा. 'अले'ला हवी असते मनातली भीती किंवा शंका: अले फिअर्स, अले कन्सर्न्स, अले सस्पिशन. 'अले पॉव्हर्टी' असं कुणी लिहीत नाही. याचा उच्चार 'अले' असाच आहे. 'अलाय' म्हटलं तर ऐकणाऱ्याला मित्रराष्ट्र ऐकू येतं. 'अस्वेज' अपराधी भावनेशी किंवा भुकेशी जोडला जातो: अस्वेज गिल्ट. 'अमीलिअरेट' सगळ्यांत औपचारिक. तो परिस्थिती सुधारण्यासाठी येतो, अहवालात शोभतो, कट्ट्यावर नाही.

आणि यांच्याच शेजारी उभा असलेला, पण नात्यातला नसलेला 'मिलिटेट'. तो नेहमी 'अगेन्स्ट' घेऊन येतो आणि अर्थ होतो एखाद्या गोष्टीच्या आड येणं. 'मिटिगेट अगेन्स्ट' ही या दोघांच्या गोंधळातून निघालेली चूक छापील इंग्रजीतही आढळते.

असा शेजार शोधायला दोन साधनं. स्केल (एस-के-ई-एल-एल) नावाचं फुकट संकेतस्थळ आहे. त्यात शब्द टाकला की त्याच्यासोबत येणारी नामं, विशेषणं, क्रियाविशेषणं यांचे गट समोर येतात. दुसरं साधन म्हणजे मोठे भाषासंग्रह. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये १० कोटी शब्दांचा मजकूर आहे, तर अमेरिकन इंग्रजीच्या कोका या संग्रहात १०० कोटींहून अधिक. नोंदणी करून दोन्ही वापरता येतात. 'अले'पुढे सर्वाधिक वेळा काय येतं, हे तिथे मिनिटभरात दिसतं.

कार्ड कसं करायचं

स्टेशनरीच्या दुकानातून जाड कार्डशीट घ्या आणि पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे तुकडे करून घ्या. पुढच्या बाजूला शब्द लिहू नका. तिथे शब्द गाळलेलं वाक्य लिहा, पहिलं अक्षर द्या आणि कोपऱ्यात बारीक मराठी सूचना. उदाहरणार्थ: 'द मिनिस्टर ट्राइड टू अ... पब्लिक फिअर्स', आणि कोपऱ्यात 'भीती शमवणे'. मागच्या बाजूला शब्द, आघाताच्या अवयवाखाली रेघ, दोन-तीन नेहमीचे तुकडे, आणि तुम्ही स्वतः रचलेलं एक वाक्य. ते वाक्य तुमच्या माहितीतल्या जागेचं, माणसांचं असू द्या. सोसायटीच्या सभेत पाणीकपातीबद्दल रहिवाशांची चिंता अध्यक्षांनी कशी दूर केली, असं. कोशातलं तयार वाक्य उतरवलं तर हात चालतो, डोकं चालत नाही.

पुढे शब्द आणि मागे अर्थ असं कार्ड केलं तर वाचताना ओळखण्याचाच सराव होतो. बोलताना प्रवास उलटा असतो, मनात अर्थ असतो आणि शब्द शोधायचा असतो. म्हणून वापरायच्या शब्दांसाठी गाळलेल्या जागेचं कार्ड. ओळखीच्या खान्यातल्या शब्दांना साधं कार्ड पुरे.

उजळणीचं वेळापत्रक

हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरलं जातं, मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळण्या आधी जवळजवळ आणि पुढे लांब अंतराने हव्यात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली त्यासाठी खान्यांच्या पेटीची सोपी युक्ती सांगितली. चपलांच्या खोक्यात पाच कप्पे करा. पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं थेट पहिल्यात.

उत्तर मोठ्याने म्हणा आणि मगच कार्ड उलटा. 'हो, येतंय की' म्हणून उलटलेलं कार्ड न आलेलं धरा. आठवण्यासाठी केलेली धडपड हाच इथला व्यायाम आहे, नुसतं पुन्हा वाचल्याने ओळख वाढते आणि येत असल्याचा भास होतो.

मोबाइलवर करायचं असेल तर अँकी हे ॲप. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनवर विकत. त्यात रोजच्या नव्या कार्डांचा आकडा सुरुवातीला २० असतो. तो पहिल्याच दिवशी ५ वर आणा, बरेच जण इथेच अडकून ॲप सोडतात. आणि दुसऱ्याने केलेले तयार गठ्ठे उतरवून घेऊ नका. त्यातला शब्द तुम्हाला कुठेही भेटलेला नसतो, त्यामुळे त्याला चिकटायला मनात जागा नसते.

उच्चार आणि आघात

देवनागरीमुळे आपल्याला एक फायदा आहे: ऐकलेला उच्चार बराचसा नेमका उतरवता येतो. पण आघात उतरत नाही, कारण मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही. इंग्रजीत चुकीच्या अवयवावर जोर दिला तर ऐकणारा शब्द ओळखतच नाही. एकाच कुटुंबात आघात सरकतो: 'ॲनलाइज'मध्ये पहिल्या अवयवावर, 'अनॅलिसिस'मध्ये दुसऱ्यावर, 'ॲनलिटिकल'मध्ये तिसऱ्यावर. म्हणून कुटुंबातलं प्रत्येक रूप कोशाच्या ध्वनिचिन्हावर बोट दाबून ऐका आणि तीनदा म्हणा.

नेहमी चुकणारे काही. 'डिटिअरिअरेट'ला पाच अवयव आहेत. 'डिटोरिएट' असा शब्द नाही. 'इपिटमी' आणि 'हायपर्बली' यांच्या शेवटी 'ई' ऐकू येते, 'एपिटोम' आणि 'हायपरबोल' नव्हे. 'सटल'मध्ये बी गप्प. 'इन्डाइट'मध्ये सी गप्प. 'डेब्री'त एस गप्प, 'रॅपोर'मध्ये शेवटचा टी गप्प. बिनसलेल्या बेतासाठी येणारा 'अराय' पुष्कळ जण 'ऑरी' वाचतात.

मराठीत 'व' एकच, इंग्रजीत दोन. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि दात कुठेच लागत नाहीत. 'व्हेअरी' म्हणजे बदलणं आणि 'वेअरी' म्हणजे सावध, हे दोन्ही प्रगत लिखाणातले शब्द केवळ या फरकावर उभे आहेत. आरशासमोर पाच मिनिटं केलं तर आठवड्यात बसतं.

धातू आणि उपसर्ग: मराठी माणसाच्या घरचं भांडवल

प्र, परा, अप, सम् शाळेत शिकलेल्यांना इंग्रजी शब्द सोडवणं परकं वाटू नये. आणि इथे आपल्याकडे आणखी एक आधार आहे. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात. लॅटिनमधून इंग्रजीत आलेले हजारो शब्द त्यामुळे आपल्या तत्सम शब्दांचे दूरचे नातलग ठरतात.

पद आणि लॅटिन 'पेड' हे एकच घराणं. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पादचारी. 'इम्पीड' म्हणजे मुळात पाय अडकवणं, म्हणून अडथळा आणणं. 'एक्स्पेडाइट' म्हणजे पाय मोकळे करणं, म्हणून काम लवकर मार्गी लावणं. मृत आणि 'मॉर्ट': 'मॉर्टल' म्हणजे मर्त्य, 'इमॉर्टल' म्हणजे अमर्त्य, उपसर्गासकट जोडी जुळते. नाम आणि 'नॉमिन': 'नॉमिनल' म्हणजे नाममात्र, 'इग्नोमिनी' म्हणजे नाव जाणं, नाचक्की. बैलाच्या मानेवरचं जू, संस्कृत युग आणि लॅटिन 'युगुम' एकाच मुळाचे. 'सबजुगेट' म्हणजे जुवाखाली आणणं, अंकित करणं. असे चारपाच धातू आणि प्रत्येकाचे चारपाच शब्द घेतले तर पाठांतर बरंच हलकं होतं.

तरी अंदाज कोशात ताडून पाहा. 'इन' हा उपसर्ग दर वेळी सरळ नकार देत नाही. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे किंमत करता न येणारं, अमूल्य, किंमत नसलेलं नव्हे, आणि 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारंच. टँकरमागे लिहिलेला तो इशारा उलटा समजणं परवडणार नाही.

मराठीतून येणाऱ्या चुका

मराठीत नामाला पुष्कळदा प्रत्यय किंवा शब्दयोगी जोडावा लागतो: विषयावर, मुद्द्याबद्दल, त्याच्याशी. त्यामुळे इंग्रजीतही काहीतरी जोडावंसं वाटतं, आणि 'डिस्कस अबाउट', 'एम्फसाइज ऑन', 'रिझेम्बल टू', 'अवेट फॉर' ही रूपं तयार होतात. या चारही क्रियापदांना थेट कर्म लागतं. 'कॉम्प्राइज'ही तसाच, 'ऑफ' नको. 'कोप'पुढे 'अप' नको, फक्त 'विथ'. उलट काही शब्द शब्दयोग्याशिवाय लंगडे पडतात, म्हणून ते जोडीनेच पाठ करा: कंड्युसिव्ह टू, कंटिंजंट ऑन, डिव्हॉइड ऑफ, सकम टू, कमेन्शुरेट विथ.

अनेकवचनाचा मोहही मराठीतूनच येतो. इक्विपमेंट, एव्हिडन्स, फीडबॅक, एक्स्पर्टीज यांना एस लावायचा नाही. 'पुरावे' लिहायचं असेल तर 'पीसेस ऑफ एव्हिडन्स'. आणि 'क्रायटेरिया' हे अनेकवचन आहे, एकच निकष असेल तर 'क्रायटेरिअन'.

एखादी छटा मराठीत नेमकी सुचते पण इंग्रजी सापडत नाही, तेव्हा मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. १८३१ साली निघालेल्या आणि १८५७ साली वाढवून काढलेल्या या कोशात एकेका मराठी शब्दाखाली इंग्रजी छटांची रास असते, आणि तो इंटरनेटवर आहे. त्यातलं इंग्रजी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा तिथून मिळालेला शब्द आजच्या कोशात पाहूनच वापरा. पुणे नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात छापील प्रत चाळायला मिळाली तर अवश्य चाळा. शोधलेल्या शब्दाच्या वरचे-खालचे शब्द पडद्यावर तितक्या सहज वाचले जात नाहीत.

लिखाणात आणताना

रोजचा वेळ ३५ मिनिटं धरा: दहा मिनिटं कार्डं, पंधरा मिनिटं वाचन, दहा मिनिटं लेखन. लेखनात त्या आठवड्यातले तीन शब्द घालून सहा-सात वाक्यांचा एक परिच्छेद. तीनपेक्षा जास्त घातले की परिच्छेद शब्दांसाठी लिहिल्यासारखा होतो. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाच्या गुणांचा चौथा हिस्सा शब्दसंपत्तीसाठी असतो, पण तिथे नेमकेपणा आणि शब्दांची जोडणी पाहतात. जड शब्द चुकीच्या जागी बसवला तर गुण घसरतात.

परिच्छेद झाल्यावर शंका असलेला तुकडा अवतरणचिन्हांत घालून शोधा आणि नावाजलेल्या वृत्तपत्रांत किंवा विद्यापीठांच्या पानांवर तो दिसतो का पाहा. तिथे कुठेच नसेल तर तो तुमच्या मराठीचा अनुवाद आहे असं समजा.

कचेरीतल्या मेलमध्ये हिशेब थोडा वेगळा. 'काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक' याने काम होत नाही, कारण काय करायचं आणि कधीपर्यंत ते त्यात नाही. 'प्लीज अप्रूव्ह द इन्व्हॉइस अँड रिप्लाय बाय थर्सडे' हे साधं आणि चांगलं. परदेशातल्या ग्राहकाला 'रिव्हर्ट'चा 'पूर्वपदावर जाणं' हाच अर्थ आधी आठवू शकतो. प्रगत शब्द तिथे आणावा, जिथे तो एक अख्खं वाक्य वाचवतो. ग्राहकाने मंजुरी दिली तरच, आणि दिल्यानंतरच, लाँच होईल, हे हिंजवडीतल्या मेलमध्ये दोन वाक्यं खातं. 'द लाँच इज कंटिंजंट ऑन क्लायंट अप्रूव्हल' यात ते संपतं. उशीर मुख्यत्वे कशामुळे झाला हे सांगायला 'लार्जली ॲट्रिब्युटेबल टू', तारीख पक्की नसेल तर 'टेंटेटिव्ह'. 'यूज'च्या जागी 'युटिलाइज' लिहून मात्र काहीच मिळत नाही.

महिन्याची तपासणी

महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाचव्या कप्प्यातून डोळे मिटून २० कार्डं काढा. फक्त मराठी सूचना पाहायची, शब्द आणि त्याचा एक तुकडा मोठ्याने म्हणायचा, आणि मग एक वाक्य तिथल्या तिथे बोलून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचं. सहा सेकंदांत शब्द आला नाही तर तो चुकलेला. ऐकताना तीन गोष्टींवर खूण करा: आघात, शब्दयोगी, सोबतचा शब्द. १५ किंवा अधिक बरोबर असतील तर रोजचे पाच चालू ठेवा. १० ते १४ असतील तर पुढचे दोन आठवडे रोज तीनच नवे घ्या. १० च्या खाली गेलात तर दोन आठवडे एकही नवा शब्द नको. चुकलेली कार्डं फाडून नव्या वाक्यासह पुन्हा लिहा, कारण वारंवार चुकणाऱ्या कार्डावरचं वाक्यच बहुतेक वेळा कमकुवत असतं.